बाक अस्तित्वात आहे

कोपऱ्यावरचा बाक नाहीसा झाला तेव्हा चष्मेवाल्यांना ते कळलंच नाही. खरं म्हणजे कळायला हवं होतं. त्यांचं चष्म्याचं दुकान त्याच रस्त्यावर. सकाळी जाताना बाक डाव्या हाताला, संध्याकाळी येताना उजव्या हाताला. पण दिवसभर लोकांना ‘खालची ओळ वाचा, आता त्याखालची वाचा’ करून त्यांचे स्वतःचे डोळे इतके कंटाळलेले असत, की घराची वाट ते पायांवरच सोपवून देत. पायांना बाकाशी काही घेणंदेणं नव्हतं.

घेणंदेणं होतं ते आईला. आईची मैत्रीण रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला राहते आणि दोघींचा दुपारचा पत्त्यांचा डाव कित्येक वर्षं चालू आहे. आईच्या गुडघ्यांना तो रस्ता एका दमात झेपत नाही. पण मध्ये बाक होता तोवर रस्त्याचे दोन तुकडे होत आणि दोन्ही तुकडे तिला झेपत. बाकावर टेकायचं, पाणी प्यायचं, येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करायची, की पुढचा तुकडा सुरू. बाक गेला आणि रस्ता सलग झाला.

एका दुपारी ती अर्ध्यावरून धापा टाकत परत आली. दुसऱ्या दिवशी दारापर्यंत जाऊन परत आली. त्यानंतर तिने चपला घातल्याच नाहीत. खिडकीशी खुर्ची ओढून बसायला लागली. सुनेने विचारलं तर म्हणाली, “आता काय, झालंच की वय.”

हे वाक्य रात्रीच्या जेवणाबरोबर चष्मेवाल्यांच्या कानावर आलं. वयाचा विषय काढला म्हणून या बाईने एकदा डॉक्टर बदलला होता. नवरा गेल्यावर दुकान चालवलं, उधारीवाल्यांना भर रस्त्यात गाठलं, आणि आता बाकापायी तिचं वय होणार? चष्मेवाल्यांना ते अजिबात मंजूर नव्हतं.

“मी सोडत जाईन तुला स्कूटरवरून,” ते म्हणाले.

“मी काय पार्सल आहे, इथून उचलून तिथे टाकायला? आणि आणणार कोण? तू भोंगा वाजवणार आणि मी हातातला डाव टाकून पळत येणार. नको.”

मग चष्मेवाल्यांनी घडीचं स्टूल आणलं. कुठेही उघडा, कुठेही बसा, अशी त्याची ख्याती दुकानदाराने सांगितली होती. आईला खात्री पटावी म्हणून तिला आपल्या दुकानापर्यंत हाताला धरून नेऊन त्यांनी स्वतः फुटपाथवर प्रात्यक्षिक केलं. स्टूल कुठेही उघडत होतं हे खरं. पण ते कधीही मिटतही होतं, हे दुकानदाराने सांगितलं नव्हतं. मिटताना चष्मेवाले आत होते. नंबर काढून घ्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकाने ‘इतक्या लांबून सगळं स्वच्छ दिसलं, मला चष्म्याची गरज नाही’ असं सांगून काढता पाय घेतला. परत येताना आईचे खांदे हसण्याने हलत होते, तेवढाच त्या स्टुलाचा उपयोग झाला.

आता, कुठल्याही इमारतीत एक डॉक्टर नसला तरी चालतो, कायद्याचा जाणकार लागतोच. चष्मेवाल्यांच्या वरच्या मजल्यावर कायदेपंडित राहत. त्यांनी वकिलीचं पहिलं वर्ष पुरं केलं होतं आणि दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला त्यांचं आणि कायद्याचं काहीतरी बिनसलं. पुढे आयुष्यभर त्यांनी पंखे विकले. पण जिन्यात केराची बादली कोणी ठेवावी इथपासून सगळे तंटे त्यांच्याकडे जात, आणि ते निकाल देताना डोळे मिटून घेत. त्यांनी चष्मेवाल्यांचं गाऱ्हाणं ऐकून घेतलं आणि डोळे मिटले.

“बाक मागू नका.”

“मग काय मागू?”

“माहिती मागा. बाक मागितलात तर तुम्ही याचक. ते म्हणणार, निधी नाही, बघू, करू. माहिती मागितलीत की तुम्ही नागरिक! बाक द्यायला ते बांधील नाहीत, उत्तर द्यायला आहेत. महिन्याच्या आत. लेखी. तुम्ही विचारा, बाबा रे, तो बाक कुठे आहे? आता जो माणूस ‘बाक कुठे आहे’ याचं उत्तर लिहायला बसेल, त्याला आधी बाक शोधावा लागेल की नाही?”

चष्मेवाल्यांना हे फारच पटलं. आपण नागरिक आहोत हे त्यांना कोणी इतक्या जोरात कधी सांगितलं नव्हतं. त्याच संध्याकाळी अर्ज लिहायची बैठक त्यांच्या घरी बसली, आणि बैठकीची वार्ता जिन्यातून खालीवर गेली. शेजारीपाजारी जमले. सरकारला जाबच विचारायचा आहे तर जाता जाता आपलाही एक प्रश्न घ्या, असं प्रत्येकाचं म्हणणं. कोणाला रस्ता गुळगुळीत झाला की लगेच का खणतात हे हवं होतं. कोणाला बागेतलं कारंजं एकदा तरी उडालं आहे का, हे जाणून घ्यायचं होतं. तळमजल्यावरच्या काकूंना भाच्याच्या मुलाखतीत नेमकं काय चुकलं ते समजून घ्यायचं होतं. कायदेपंडित प्रत्येक प्रश्नाला ‘उपरोक्त’, ‘सबब’ आणि ‘तद्वतच’ लावून तो भारदस्त करत होते. मजकूर असा काही वजनदार झाला की वाचून दाखवताना त्यांना मध्ये पाणी प्यावं लागलं.

चष्मेवाल्यांच्या बायकोने चहाचे कप उचलता उचलता विचारलं, “अहो, पण यात बाकाचं कुठे आहे?”

सगळ्यांनी पुन्हा वाचून पाहिलं. बाकाचं कुठेच नव्हतं. मग कायदेपंडितांनी बाक समासात आडवा लिहिला.

नगरपालिकेत माहितीच्या खिडकीवर एक शिपाई बसत असे. त्याने अर्ज हातात घेतला, वाचला नाही, फक्त तोलला.

“एका अर्जात एकच विषय,” तो म्हणाला.

“सगळे विषय जनहिताचे आहेत,” चष्मेवाले म्हणाले. हे वाक्य कायदेपंडितांनी त्यांच्याकडून पाठ करून घेतलं होतं.

“असतील. पण एकच. यातलं तुमचं कुठलं?”

चष्मेवाल्यांनी ओशाळून समासाकडे बोट दाखवलं. शिपायाने समास वाचला आणि का कोण जाणे, त्याने एकदम खिडकीबाहेर पाहिलं. मग कोरा कागद पुढे सरकवला. “तिथे बसून लिहा. नुसतं हेच.”

‘तिथे’ म्हणजे व्हरांड्यात, भिंतीशी, पाठीवर ‘माहिती’ असं रंगवलेल्या एका पिवळ्याधमक बाकावर. वर पाटी होती: माहिती मागणाऱ्या नागरिकांसाठी बसण्याची सोय. हातात फायली घेतलेली माणसं एकमेकांना सरकून जागा देत होती. चष्मेवाले बसले, मांडीवर कागद घेतला आणि हरवलेल्या बाकाबद्दल अर्ज लिहिला. लिहून झाल्यावर जरा पाठ टेकली. बरं वाटलं. त्यांनी शिपायाला मुद्दाम सांगितलं, “बाक असावा तर असा. पाठ कशी नीट टेकते बघा. आमच्या रस्त्यावरचाही अगदी असाच होता हो.”

शिपायाला अचानक कुठलंतरी काम आठवलं आणि तो आत गेला.

पहिलं उत्तर महिना संपता संपता आलं. शिक्का, सही, सगळं यथासांग. ‘नोंदवहीनुसार सदर बाक अस्तित्वात आहे.’

चष्मेवाले उत्तर घेऊन कोपऱ्यावर गेले. न जाणो, आपण दुकानात असताना आणून ठेवला असेल. तिथे चार खिळ्यांची भोकं होती आणि त्यांत मुंग्या. घरी आल्यावर आईने विचारलं, “काय म्हणतंय सरकार?”

“आहे म्हणतंय.”

“असेल बाबा. मलाच दिसला नसेल,” असं म्हणून ती खिडकीबाहेर बघत राहिली. तिने टोमणा मारला असता तर चष्मेवाल्यांना बरं वाटलं असतं. ती खरंच तसं म्हणत होती, आणि त्याने ते फार अस्वस्थ झाले. आपल्या दिसण्यावर संशय घ्यायची पाळी आईवर आणणाऱ्या माणसाला सोडायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. माणूस कोण, ते अर्थात माहीत नव्हतं.

कायदेपंडितांनी अपील लिहिलं. सोबत पुरावा हवा म्हणून चष्मेवाल्यांनी त्या जागेचे फोटो काढले; पुढून, मागून, आणि एक कायदेपंडितांना त्या जागी उकिडवे बसवून, म्हणजे आकाराचा अंदाज यावा. रस्त्याने जाणाऱ्यांनी थांबून पाहिलं, पण कार्य मोठं असलं की थोडी मानहानी सोसावीच लागते. उत्तर आलं: ‘जोडलेल्या छायाचित्रांत बाक दिसून येत नाही. कृपया बाकाचे सुस्पष्ट छायाचित्र जोडावे.’ तेही जमणार नाही असं कळवल्यावर शेवटचं उत्तर आलं, आणि त्याने चष्मेवाल्यांची झोपच उडवली. ‘सदर बाक सुस्थितीत असून नागरिकांच्या नियमित वापरात आहे.’

“वापरात!” चष्मेवाले जिन्यात ओरडले. “कोण वापरतंय? भुतं?”

“भाषेवर संयम ठेवा. प्रकरण चालू आहे,” वरून कायदेपंडित म्हणाले.

दरम्यान चष्मेवाल्यांच्या नगरपालिकेच्या खेपा वाढल्या. दुकान अर्धा दिवस बंद राहायला लागलं. व्हरांड्यातल्या पिवळ्या बाकावर त्यांची ठरलेली जागा झाली. तिथल्या माणसांशी ओळखी झाल्या. घराची नोंद चुकीच्या नावावर पडलेले एक गृहस्थ होते. मुलाच्या दाखल्यात जन्माची तारीखच आली नाही म्हणून खेटे घालणारी एक बाई होती. तिचं मूल दाखल्याप्रमाणे अजून जन्मायचं होतं आणि बाकाखाली रांगत होतं. सगळे आपापलं दुःख सांगत आणि चष्मेवाल्यांची पाळी आली की ‘बाक’ ऐकून जरा गप्प होत. आपलं दुःख इतरांच्या मानाने हलकं आहे, हे चष्मेवाल्यांना जाणवे. म्हणून ते ‘रस्त्यावरची सार्वजनिक मालमत्ता’ असं म्हणायला लागले.

एकदा शेवटी माहिती अधिकारी बाईंनी त्यांना आत बोलावलं. चष्मेवाले भांडायच्या तयारीनेच गेले. पण समोर बाई बसल्या होत्या त्या एका हाताने चष्मा धरून. दुसऱ्या हाताने सह्या करत होत्या. चष्म्याची एक दांडी लोंबत होती. चष्मेवाल्यांचा राग तिथेच निम्मा झाला. त्यांनी खिशातून बारका पेचकस काढला, हात पुढे केला, आणि दांडी बसवून दिली.

“किती द्यायचे?” बाईंनी विचारलं.

“छे, स्क्रू पिळायचे पैसे मी कोणाकडून घेत नाही.”

“मग मला नोंद करावी लागेल,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी खरंच कागदावर लिहिलं: अर्जदाराकडून स्क्रू पिळून घेतला, विनामूल्य. मग चष्मा लावून त्यांनी चष्मेवाल्यांकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. “हे बघा, ही उत्तरं मी लिहीत नाही. प्रश्न त्या त्या विभागाकडे जातो, तिथून येतं ते मी तुम्हाला पाठवते. मी इथे नवीन आहे आणि माझ्याकडे जन्म-मृत्यूही आहे. पण तुमचं हे तिसरं उत्तर वाचून मलाच राहवलं नाही. सुस्थितीत आहे म्हणतात ना? मग प्रत्यक्ष दाखवा म्हणा. पाहणी करायचा हक्क आहे तुम्हाला. मागा.”

“मागता येतं?”

“कोणी मागत नाही म्हणून काय झालं? मागता येतं.”

चष्मेवाल्यांना त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं, पण त्याचीही नोंद झाली असती.

पाहणीचा दिवस ठरला. पाहणी म्हणजे ओळख पटवणं आलं, आणि त्या बाकावर मनापासून बसलेलं माणूस घरात एकच होतं. आई आधी नाही म्हणाली. “मी काय सांगणार तिथे? तूच बोल, तुला येतं बोलायला.” पण सुनेने कपाटातून तिच्या ठेवणीतल्या चपला काढून दारात ठेवल्या, आणि कायदेपंडित ‘साक्षीदारावाचून खटला म्हणजे पात्यांवाचून पंखा’ असं बरंच काही बोलायला लागले, तेव्हा त्यांचं बोलणं थांबावं म्हणून ती उठली. रिक्षात चौघं दाटीवाटीने बसली.

नगरपालिकेच्या पायऱ्या चढून व्हरांड्यात येईपर्यंत आईचा श्वास फुलला. दाखलेवाल्या बाईने मूल उचलून जागा केली, घराच्या नोंदीवाले गृहस्थ सरकले आणि आई पिवळ्या बाकाच्या टोकाला टेकली. चष्मेवाले आत वर्दी द्यायला वळले, तेवढ्यात मागून आवाज आला.

“अरे, हाच की.”

“कोण?”

“कोण काय? बाक!”

चष्मेवाले हसले. दमलेल्या आईशी बोलावं तितक्या हळुवारपणे म्हणाले, “आई, आपला हिरवा होता.”

“मग? तुझा बाप केस काळे करून घरी आला होता, तेव्हा मी त्याला ओळखलं नव्हतं का? हे इथे बघ. हाताखालच्या पट्टीला पोचा आहे. उठताना मी रोज त्यात अंगठा रुतवते.” आणि तिने अंगठा रुतवून दाखवला. तो पोच्यात असा चपखल बसला की तिथे उभे असलेले सगळे वाकून बघायला लागले.

कायदेपंडितांनी खिशातून किल्ली काढून कडेचा रंग जरासा खरवडला. पिवळ्याखालून हिरवा निघाला.

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला. अर्ज या बाकावर बसून लिहिला होता. अपील याच बाकावर. फोटोंच्या मागे नाव-पत्ता घातला तोही इथेच, आणि वर शिपायाला बाकाची तारीफही सांगितली होती. अख्ख्या वस्तीचे नंबर काढणारा माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहिला आणि तो त्यांना बघवेना.

“काखेत कळसा आणि गावाला वळसा,” बायको शक्य तितक्या हळू म्हणाली. व्हरांडा घुमणारा होता, त्याला ती तरी काय करणार.

शिपायाला आता पळायला जागा नव्हती. “आजी, माझा काही दोष नाही हो,” तो म्हणाला. “वरून पत्र आलं होतं. माहिती मागायला येणाऱ्या नागरिकांना बसायची सोय करा, तपासणी होणार आहे. तपासणी दुसऱ्याच दिवशी! नवा बाक घ्यायचा तर मंजुरी लागणार, दरपत्रकं लागणार. मग गोदामवाले म्हणाले, नागरिकांसाठीच पाहिजे ना? मग नागरिकांचाच आणू.”

कायदेपंडितांनी डोळे मिटले. “म्हणजे नोंदवहीत अस्तित्वात, स्थिती चांगली, नागरिकांच्या वापरात,” ते भारावून म्हणाले. “काय उत्तरं दिली आहेत! एक शब्द खोटा नाही!” मग आपण कोणाच्या बाजूचे आहोत हे आठवून त्यांनी डोळे उघडले. “बाक ताबडतोब उचला! आत्ताच्या आत्ता!”

बाकावरची माणसं घाबरून उठली. दाखलेवाल्या बाईने तर मूल असं छातीशी धरलं, जणू बाक तिनेच पळवला होता. गडबड ऐकून अधिकारी बाई बाहेर आल्या. शिपायाने सांगितलं ते ऐकून त्यांचा चेहरा उतरला. “मी आले तेव्हा हा इथे होताच,” त्या म्हणाल्या. “मी विचारलंही नाही.”

“उभं राहू नका हो, बसा,” आई त्या माणसांना म्हणाली. “तुम्ही कुठे नेलाय.” मग ती बाईंकडे वळली. “मला माझा बाक पाहिजे. उगाच मोठेपणाने नको कशाला म्हणू? मला तो रोज लागतो. पण या लेकुरवाळीला उभं करून नको.”

असं म्हणता म्हणता तिची नजर समोरच्या दारातून आत गेली. ते नगरपालिकेच्या मोठ्या साहेबांचं दालन. दार अर्धं उघडं होतं. आत भिंतीला लागून गादीच्या खुर्च्यांची रांग होती, आणि गाद्यांवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं.

“तिथे कोण बसतं?” आईने शिपायाला विचारलं.

“बैठक असली की बसतात.”

“बैठक कधी असते?”

शिपायाने छताकडे पाहिलं.

“मला एक कागद द्या,” आई म्हणाली.

“आई, थांब, मी लिहितो,” चष्मेवाले पेन काढत पुढे झाले. “कायदेपंडित, मसुदा सांगा.”

“मला लिहिता येतं,” आई म्हणाली, आणि पेन घेऊन तिने कागद मांडीवरच्या पिशवीवर ठेवला. चष्मेवाले बघत राहिले. दुकान चालवणारी आई त्यांनी पाहिली होती. पण कचेरीचं काही काम निघालं की ती पदर सावरून ‘मुलाला विचारते’ म्हणायची, आणि पुढे मुलगाच बोलायचा. मुलालाही त्याची सवय झाली होती. आता ती एकेक अक्षर दाबून लिहीत होती, आणि आपल्याला मध्येच भरून का येतंय हे त्यांना कळेना. अर्जात ना ‘सबब’ होतं, ना ‘तद्वतच’. एकच ओळ होती: साहेबांच्या खोलीत किती खुर्च्या आहेत आणि त्यांवर कोण बसतं?

शिपायाने सवयीने तोंड उघडलं, पण विषय एकच होता. बाईंनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला, आणि शिक्का असा हाणला की टेबलावरचा पेला हलला. “उत्तर द्यावंच लागेल,” त्या म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच हसल्यासारख्या हसल्या.

पुढे जे झालं त्याला कायदेपंडित अजूनही आपल्या रणनीतीचा विजय मानतात. अर्ज साहेबांकडे गेला. साहेबांनी म्हणे खुर्च्या मोजल्या, आणि आपण काय उत्तर देणार ते मनात वाचून पाहिलं. मग घंटी वाजवली. आईला रीतसर उत्तर आलं: ‘दालनात एकूण दोन खुर्च्या असून त्यांवर अनुक्रमे अधिकारी व अभ्यागत बसतात.’ तेही अक्षरशः खरं होतं. बाकीच्या खुर्च्या तोवर व्हरांड्यात आल्या होत्या, प्लास्टिकसकट, आणि त्यांवर घराच्या नोंदीवाले गृहस्थ आणि दाखलेवाली बाई चुरचुर आवाज करत बसत होते. मुलाचा जन्मही महिन्याभरात झाला, तारखेसकट.

बाक हातगाडीवरून कोपऱ्यावर परत आला. रंग पिवळाच राहिला आणि पाठीवरची ‘माहिती’ ही अक्षरंही राहिली, त्यामुळे अनोळखी माणसं तिथे थांबून आईला काय काय विचारतात. ती माहीत असेल ते सांगते आणि नसेल तर ‘लिहून विचारा’ म्हणते. चष्मेवाल्यांनी बाकाच्या पुनरागमनाबद्दल चार शब्द तयार ठेवले होते. पण बाक उतरवल्या उतरवल्या आई त्यावर टेकून, पाणी पिऊन मैत्रिणीकडे चालती झाली, आणि चार शब्द हातगाडीवाल्याला ऐकावे लागले. डाव पुन्हा सुरू झाला. खिडकीतली खुर्ची जेवणाच्या टेबलाशी परत गेली.

आणि मग एका दुपारी डोकं दुखतं म्हणून चष्मेवाले दुकान लवकर बंद करून घरी आले, तर दाराला कुलूप. बायको शाळेत शिकवायला गेलेली. किल्ली आईकडे. ठीक आहे, म्हणून ते रस्त्याच्या टोकाला मैत्रिणीकडे गेले.

“आज आली नाही ती,” मैत्रीण पत्ते पिसत म्हणाली. “कालही लवकर गेली. मला वाटलं, घरी काही काम असेल.”

चष्मेवाल्यांची डोकेदुखी तत्काळ पळाली. ते कोपऱ्यावर धावले. बाक रिकामा. शेजारच्या फळवाल्याला विचारलं.

“आजी? बसल्या की थोडा वेळ. मग गेल्या.”

“कुठे?”

“पुढे.”

“पुढे म्हणजे? पुढे काय आहे?”

फळवाल्याने रस्त्याकडे हात केला. पुढे सगळंच होतं. दुकानं होती, चौक होता, बस थांबत होत्या. चष्मेवाले बागेत जाऊन आले, दवाखान्यात डोकावले, वाचनालयात चौकशी केली. शेवटी घाम पुसत ते आपल्याच दारापुढे जिन्यावर बसले. वरून कायदेपंडितांनी परिस्थिती समजून घेतली आणि पोलिसांत कुठल्या कलमाखाली कळवायचं ते डोळे मिटून आठवू लागले.

ऊन कलल्यावर जिन्यात पावलं वाजली. आई आली. कठड्याला धरून, एकेक पायरी, पण तरतरीत. गाल उन्हाने लाल झालेले, केस वाऱ्याने विस्कटलेले, पिशवीत काहीतरी गुंडाळलेलं.

“कुठे होतीस?” चष्मेवाले ताडकन उठले.

“बाहेर.”

“बाहेर कुठे? मैत्रिणीकडे नव्हतीस. मी बघून आलो.”

“नव्हतेच.”

“मग होतीस कुठे? आणि पिशवीत काय आहे? आणि कालही म्हणे लवकर निघालीस तिथून?”

आईने शांतपणे किल्ली काढली, कुलूप उघडलं, चपला उतरवल्या, आणि उंबऱ्यात उभी राहून मुलाकडे पाहिलं.

“ही माहिती खासगी आहे,” ती म्हणाली. “देता येत नाही.”

आणि ती आत जाऊन पाण्याचा तांब्या शोधायला लागली. जाता जाता कसलीतरी धून गुणगुणत होती. चष्मेवाले दारातच उभे राहिले. इतकी उत्तरं त्यांनी पचवली होती, पण नकार ऐकून असा आनंद त्यांना कधी झाला नव्हता. तो दाबून ठेवण्यासाठी त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

संध्याकाळी त्यांनी बायकोकडे पहिलं अपील केलं. तिला सगळं ठाऊक असावं अशी त्यांची खात्री होती. तिने ऐकून घेतलं, आत एकदा सासूकडे पाहिलं, आणि अपील फेटाळलं.